आईचा तोल सुधारेल म्हणून १८,५०० चे सोल गळ्यात मारले

घरी वयस्कर माणूस असेल तर प्लीज वाचा. आई ७४ ची, शुगर जुनी, भिंतीला धरून चालते. दिवाळीनंतर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत पाय तपासणी शिबिर लागलं. तिथल्या माणसाने आईला हात आडवा धरायला लावला आणि वरून दाबला, आई लगेच कलंडली. मग चपलेत थरथरणारे सोल घातले, परत दाबला तर आई जागची हलली नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी तिथेच उभ्या उभ्या यूपीआय केलं.

ट्रिक नंतर कळली. पहिल्यांदा तो हात अंगापासून बाहेर ओढत दाबतो, दुसऱ्यांदा अंगाकडे, म्हणजे भार पायावरच येतो. भावावर करून बघितलं, साध्या स्लिपरवर पण तोच फरक! पॉवर बॅलन्स नावाच्या कंपनीचे मनगटात घालायचे रबरी पट्टे पण असेच डेमो करून विकायचे, २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात कंपनीला कबूल करावं लागलं की शास्त्रीय पुरावा नाही.

राग याचा येतो की मूळ संशोधन खरं आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स कॉलिन्स यांच्या टीमने लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापलं होतं की तळव्याला कंपन दिलं की वयस्कर लोकांचं उभं असताना डोलणं कमी होतं. पण ते वयस्कर लोक होते फक्त १२, आणि कंपन इतकं बारीक की त्यांना जाणवतच नव्हतं. त्याचीच झेरॉक्स दाखवून आम्हाला दिलेले सोल घरघर करायचे आणि तापायचे. आईचे तळवे शुगरने बधिर, चटका कळलाच नाही, आठव्या दिवशी मोजा काढला तर टाचेला फोड फुटलेला. दीड महिना ड्रेसिंग चाललं, रोज ती पट्टी सोडताना माझा जीव वरखाली व्हायचा.

डॉक्टरांनी नायलॉनच्या बारीक तारेने तळवे तपासले, बऱ्याच ठिकाणी आईला स्पर्शच कळत नव्हता. बी-१२ व्हिटॅमिन पण कमी निघालं, शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की होऊ शकतं म्हणाले. ही तपासणी आधी करायला हवी होती. आता फिजिओ मॅडम ओट्याला धरून टाचा उचलायला लावतात, आई रोज करते.

पैसे गेलेच. बिल नाही, नुसती शिक्का मारलेली पावती, फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केलीय. काल शेजारच्या सोसायटीच्या गेटवर त्याच लोकांचा बोर्ड दिसला, रविवारचं शिबिर आहे, आईच्या टाचेचे फोटो घेऊन आज त्यांच्या चेअरमनकडे चाललोय.