माती की गादी: मुलाला कुस्तीत घालण्यापूर्वी

मुलाला कुस्तीत घालायचे ठरल्यावर मातीची तालीम निवडावी की गादीचे (मॅटचे) केंद्र, हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीकडील पालकांना हमखास पडतो. डाव बहुतांशी तेच असले, तरी विजय कशाला म्हणायचे याबाबत दोन्हीकडची समजूत निराळी आहे.

मैदानातील निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट केल्याखेरीज विजय मिळत नाही. त्यामुळे मातीत दम आणि पकड घडते, आणि तुल्यबळ जोड असल्यास नुसती खडाखडीच, म्हणजे उभ्याने एकमेकांची ताकद अजमावणे, बराच वेळ चालते. गादीवरील फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, दहा गुणांची आघाडी मिळाल्यास त्याआधीच, आणि प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर रेटल्याचाही एक गुण मिळतो. आघाडी राखून वेळ काढणे ही तेथे हुशारी ठरते. जुन्या वस्तादांना तो पळपुटेपणा वाटतो, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे मला वाटत नाही.

तालमीत पहाटे हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरणे, जोर-बैठका आणि वस्तादांचा धाक यांतून जी शिस्त लागते, ती दिवसातून दोन तास शिकवणाऱ्या केंद्रात क्वचितच लागते. मात्र त्याच धाकापोटी मुले दुखापत लपवतात, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. गादीची जोखीम वजनाची आहे: २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगट अंतिम लढतीच्या सकाळी अवघ्या शंभर ग्रॅम जादा वजनामुळे अपात्र ठरली.

मुलगी असेल तर गादीच निवडावी, कारण बहुतेक जुन्या तालमींनी मुलींना हौद्यात उतरूच दिले नाही.

ऑलिम्पिकचे स्वप्न असल्यास गादीला पर्याय नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले, परंतु १९४८ मध्ये लंडनला सहावे आल्यानंतर १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले ते गादीवर. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी या दोन्ही विभागांचे विजेते मानाच्या गदेसाठी परस्परांशी लढतात, आणि ही लढतही अलीकडे गादीवरच होते. यात्रांतील मैदानांच्या इनामापुरतीच आकांक्षा असेल, तर माती पुरेशी आहे.

माझ्या मते लहान वयात मातीची तालीम निवडावी, पण जिच्या वस्तादांनी गादीही अंथरली आहे अशी. प्रवेशापूर्वी त्यांना एवढेच विचारावे, की आठवड्यातील किती दिवस पोरे गादीवर उतरतात.