पत्रकारितेच्या वर्गात शंभराहून अधिक वर्षांचा पाऊस: पुणे वेधशाळेच्या मोफत ग्रिड डेटाचं परीक्षण

हवामान बदलाची बातमी कशी करायची हे शिकवायला बसलं की बहुतेक वर्गांत गाडी आधी ध्रुवावरच्या बर्फाकडे जाते, मग पॅरिस कराराकडे. समोर बसलेली मुलगी औशाची असते, मुलगा संगमेश्वरचा. त्यांना उद्या बातमी करायची आहे ती आपल्या तालुक्यातल्या पावसाची. तो पाऊस खरंच बदलला का, हे तपासण्याचं साधन पुण्यात, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात, म्हणजे पुणे वेधशाळेत तयार होतं आणि कुणालाही फुकट मिळतं. भारतीय हवामान विभागाचा हा ग्रिड डेटा आहे, म्हणजे देशावर जाळी टाकून तिच्या प्रत्येक बिंदूसाठी काढलेले आकडे: रोजचा पाऊस 1901 पासून, रोजचं कमाल-किमान तापमान 1951 पासून.

निकाल आधीच सांगतो. मराठी मुलखातल्या पत्रकारितेच्या वर्गासाठी यापेक्षा चांगलं साधन आमच्या पाहण्यात नाही. पण तो जसाच्या तसा मुलांच्या हाती दिला तर त्यातून ठामपणे लिहिलेल्या चुकीच्या बातम्या निघतील, कारण कुठे अडखळायला होतं हे डेटासोबत कुणी सांगत नाही.

आधी हातात काय पडतं ते पाहू. पुणे वेधशाळेच्या संकेतस्थळावर ग्रिड डेटाचं पान आहे. तिथे वर्ष निवडायचं आणि फाईल उतरवायची. एका वेळी एकच वर्ष. पावसाच्या संचात देशावर पाव-पाव अंशाची जाळी टाकलेली आहे, रेखांशावर 135 बिंदू आणि अक्षांशावर 129. म्हणजे दिवसाला 17,415 आकडे. त्यातले बहुतांश बिंदू समुद्रात किंवा शेजारच्या देशांत पडतात, तिथे −999, म्हणजे ‘आकडा नाही’, भरलेला असतो. एका वर्षाची फाईल 25 एमबीच्या आसपास. 1901 पासूनचं सगळं घेतलं तर 3 जीबीच्या वर जातं. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस मुलांनी एकदम डाउनलोड सुरू केलं तर तासाभरात काहीच उतरत नाही. शिक्षकानं आधीच उतरवून पेनड्राइव्हवर आणावं, हे बरं.

फाईल दोन रूपांत मिळते, बायनरी आणि नेटसीडीएफ. एक्सेलमध्ये दोन्ही सरळ उघडत नाहीत, आणि उघडल्या असत्या तरी वर्षाचे त्रेसष्ट लाख आकडे एका रकान्यात मावले नसते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘आयएमडीलिब’ नावाचं मोफत पॅकेज आहे. ते वर्षांची यादी घेऊन फाईल स्वतःच उतरवतं आणि अक्षांश-रेखांश दिले की त्या एका बिंदूची सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी साध्या तक्त्याची फाईल, काढून देतं. पत्रकारितेच्या मुलांना पायथन शिकवण्यात चार तास घालवू नयेत. शिक्षकानं किंवा संगणक विभागातल्या कुणी प्रत्येकाच्या गावाची सीएसव्ही काढून द्यावी. 1951 ते 2020 या सत्तर वर्षांच्या 25,568 ओळी होतात, त्या एक्सेलमध्ये आरामात हलतात. खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं.

बिंदू निवडणं सोपं आहे: गावाचे अक्षांश-रेखांश जवळच्या पाव अंशावर आणायचे. लातूर सुमारे 18.40 उत्तर, 76.58 पूर्व, म्हणजे 18.50 आणि 76.50 चा बिंदू. किनाऱ्यावर मात्र जपून. रत्नागिरी किंवा मालवणसाठी जवळचा बिंदू समुद्रात पडू शकतो आणि अख्ख्या रकान्यात −999 दिसतो. तेव्हा पूर्वेकडचा शेजारी बिंदू घ्यावा, आणि तो घेतल्याचं बातमीत लिहावं. हे −999 न गाळता सरासरी काढली तर पाऊस उणे येतो. ती चूक निदान दिसते तरी. नोंद अधूनमधूनच गहाळ असली तर वर्षाची बेरीज गुपचूप घटते आणि दुष्काळ पडल्यासारखं वाटतं, ते जास्त धोक्याचं. जे नकाशा काढतील त्यांच्यासाठी एक सूचना: आकडे दक्षिणेकडून सुरू होतात. चित्र म्हणून तसेच मांडले तर कन्याकुमारी वर आणि काश्मीर खाली येतं.

आता तारखेचा मुद्दा, जिथे जाणती माणसंही फसतात. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा असतो, आणि आकडा मोजला त्या सकाळच्या तारखेवर पडतो. मुंबईचा 26 जुलै 2005 चा पाऊस शोधायला वर्गाला सांगा. मुलं 26 जुलैची ओळ काढतात आणि गोंधळतात, कारण तो प्रलय 27 जुलैच्या ओळीत आहे. हा सराव पहिल्याच तासाला घ्यावा. पुढे कुणी ‘धरणातून विसर्ग आधी, पाऊस नंतर’ असा शोध लावायच्या बेतात असेल तर हीच आठवण त्याला वाचवते.

त्याच दिवसातून दुसरा धडाही निघतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 944 मिमी पडला, कुलाब्याला 73 मिमी. ग्रिडचा एक चौकोन, म्हणजे एका बिंदूच्या वाट्याचा भाग, सुमारे सातशे चौरस किलोमीटरचा असतो आणि त्यातला आकडा आसपासच्या पर्जन्यमापकांवरून काढलेला असतो, जवळच्या केंद्राला जास्त वजन देऊन. त्यामुळे 944 हा आकडा ग्रिडमध्ये तसाच सापडत नाही, टोकं घासली जातात. घाटमाथ्यावर तर हा प्रश्न रोजचाच आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस होतो, पसरणी घाट उतरून वाईला आलं की त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही. एवढ्या अंतरात पाव अंशाची जाळी हा फरक नीट पकडू शकत नाही. मराठवाडा, विदर्भ, खानदेशच्या सपाटीवर हा डेटा चांगला चालतो. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावासाठी तो वापरायचाच असेल तर केवळ काळानुसार तुलनेसाठी वापरावा, पावसाचं प्रमाण सांगायला नाही.

इथेच निकषांची गल्लत होते. वेधशाळेच्या मापात 64.5 मिमीपासून मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार आणि 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार. महसूल खात्याच्या लेखी मात्र मंडळात चोवीस तासांत 65 मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी, आणि पंचनामे व भरपाई त्यावर ठरतात. हे सगळे निकष पर्जन्यमापकातल्या नोंदीसाठी आहेत. ग्रिडच्या सरासरी आकड्यात 65 मिमी ओलांडणं बरंच दुर्मीळ असतं. ग्रिडवरून मोजलेल्या दिवसांना बातमीत ‘अतिवृष्टीचे दिवस’ म्हटलं तर तलाठ्याच्या नोंदीशी ते कधीच जुळणार नाहीत, आणि वाचक दोन्ही आकड्यांवर संशय घेईल.

सरावासाठी आमच्या मते सर्वात उपयोगी गृहपाठ असा. आपल्या बिंदूचे जून ते सप्टेंबरचे 122 दिवस घ्यायचे. दर वर्षासाठी चार आकडे काढायचे: एकूण पाऊस, पावसाचे दिवस (2.5 मिमी किंवा जास्त पडलेले), 64.5 मिमीच्या वरचे दिवस आणि सलग कोरड्या दिवसांचा सर्वात लांब खंड. मग 1951 ते 1980 आणि 1991 ते 2020 अशा दोन तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या शेजारी ठेवायच्या. चौथा आकडा काढायला एक्सेलमध्ये एक जादा रकाना लागतो: आज 2.5 पेक्षा कमी असेल तर कालचा आकडा अधिक एक, नाहीतर शून्य. दर 1 जूनला नव्यानं सुरुवात. शेतकऱ्याच्या दृष्टीनं चारांत हाच आकडा मोलाचा. एकूण पाऊस सरासरीइतका होऊनही सोयाबीन फुलोऱ्यात असताना वीस दिवसांचा खंड पडला तर हंगाम गेलाच, आणि ‘सरासरीच्या 98 टक्के पाऊस’ या मथळ्यात तो दिसत नाही.

फरक दिसला की लगेच मथळा लिहायला बसायचं नाही. प्रत्येक काळातलं सर्वात ओलं आणि सर्वात कोरडं वर्ष काढून सरासरी पुन्हा काढावी. फरक उडाला तर बातमी नाही. तुलनेची तीस वर्षांची खिडकी पाच वर्षं मागेपुढे सरकवावी. आलेखाची सुरुवात 1972 पासून केली तर महाराष्ट्रातल्या अनेक चौकोनांत पाऊस ‘वाढलेला’ दिसेल, कारण सुरुवातच दुष्काळात आहे. शेवटी आजूबाजूचे आठ चौकोन तपासावेत. नवांपैकी एकाच चौकोनात उडी असेल आणि बाकी आठ शांत असतील, तर संशय पावसावर नाही, पर्जन्यमापकावर घ्यावा.

त्याला कारण आहे. हा संच 6,955 पर्जन्यमापकांवर उभा आहे, पण ते सगळे सगळी वर्षं चालू नव्हते. काही मध्येच बंद पडले, काही नंतर आले. चौकोनात आधी एक केंद्र असेल आणि पुढे तीन झाली असतील तर पाऊस तोच राहूनही आकडे बदलतात. म्हणून वर्गाला एकदा तरी तहसील कार्यालयात न्यावं, पर्जन्यमापक दाखवावा. फायबरच्या नळकांड्याची कड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर हवी, शेजारचं झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवी. तीस वर्षांपूर्वी लावलेला गुलमोहर आता डोक्यावर आला असेल, तर त्या तालुक्यातला पाऊस कागदावर कमी होत गेलेला असू शकतो. नोंदवही मागावी, हस्ताक्षर कुठे बदलतं ते पाहावं, मापक कधी हलवला का ते विचारावं. अलीकडच्या वर्षांसाठी राज्याच्या महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं आहेत, मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो ग्रिडशी पडताळावा, पण एकाच आलेखात जोडू नये. दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत त्या.

तापमानाचा संच मात्र बातमीदाराला फारसा उपयोगाचा नाही. 1951 पासूनच्या संचाची जाळी एका अंशाची आहे, म्हणजे बिंदूपासून बिंदू शंभर-एकशेदहा किलोमीटर, आणि ती 395 केंद्रांवरून केलेली आहे. शहराचा उकाडा तिच्यात दिसत नाही. आर्द्रता तर नाहीच, आणि कोकणपट्टीत जीव जातो तो उष्णता व दमटपणा मिळून. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उष्माघातानं माणसं दगावली ती अशाच हवेत. विभागीय कल दाखवण्यापुरता हा संच ठीक. रोजच्या उष्णतेच्या बातमीसाठी केंद्राची नोंदच घ्यावी, आणि तीही तपासून. मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि आकडा देशभर फिरला. वेधशाळेला तो सदोष असल्याचं सांगावं लागलं. शहरातली इतर केंद्रं त्याच दुपारी काय सांगत होती, एवढं पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

पायाभूत काळ, म्हणजे ज्या वर्षांच्या सरासरीशी तुलना होते तो काळ, हा आणखी एक सापळा. मोसमी पावसाची देशाची सरासरी 2022 पासून 1971–2020 वर काढलेली आहे, 87 सेंटिमीटर. त्याआधी 1961–2010 ची 88 होती. त्यामुळे दोन वर्षांच्या बातम्यांतले टक्के थेट शेजारी ठेवता येत नाहीत. तापमानात हा घोळ मोठा होतो. 2024 मध्ये भारताचं सरासरी तापमान 0.65 अंशांनी जास्त होतं, तर जगाचं 1.55 अंशांनी. यावरून ‘भारत कमी तापला’ असं लिहिणं साफ चूक. पहिला आकडा 1991–2020 च्या तुलनेत आहे, दुसरा 1850–1900 च्या.

आणि हा डेटा कारण सांगत नाही. ‘हवामान बदलामुळे लातुरात ढगफुटी’ हे वाक्य त्यातून कधीही निघत नाही. निघतं ते एवढंच: या चौकोनात अमुक काळात अमुक दिवस, नंतर तमुक दिवस. कारणासाठी दुसरं काही सोबत घ्यावं लागतं. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला 2020 चा भारतीय प्रदेशाचा हवामान बदल आढावा मोफत उपलब्ध आहे. मध्य भारतात दिवसाला 150 मिमीच्या वरच्या पावसाच्या घटना 1950 ते 2015 दरम्यान सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या, हे त्यातलं. त्या मध्य भारतात कोकण येत नाही, हे मात्र बातमीदारानं विसरू नये. एखाद्या घटनेचा स्वतंत्र अभ्यास झाला असेल तर तो द्यावा: 2022 च्या मार्च-एप्रिलची उत्तर भारत-पाकिस्तानातली उष्णता हवामान बदलामुळे सुमारे तीसपट अधिक शक्य झाली, असं वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन या, घटनेमागे हवामान बदलाचा वाटा किती ते मोजणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटानं मांडलं होतं. अभ्यास झालेला नसेल तर तसं स्पष्ट लिहावं आणि त्या प्रकारच्या घटनांबद्दल विज्ञान काय म्हणतं ते पुढच्या वाक्यात द्यावं. ही दोन वाक्यं वेगळी ठेवायला शिकणं, हीच या विषयातली निम्मी शिकवण.

तक्रारी थोड्या पण खऱ्या आहेत. पानावर मराठी नाही, नवख्या माणसासाठी सूचना नाहीत, तालुक्याचं नाव टाकून आकडे मिळण्याची सोय नाही. केंद्रनिहाय जुन्या नोंदी वेगळ्या पोर्टलवरून अर्ज करून घ्याव्या लागतात, म्हणून सत्र सुरू होण्याआधीच अर्ज टाकावा. सर्वात मोठी उणीव अशी की फाईलमध्ये फक्त पाऊस आहे. त्या चौकोनात त्या दिवशी किती पर्जन्यमापक बोलत होते, हे कळत नाही. तेवढी एक जोडफाईल वेधशाळेनं शेजारी ठेवली, तर नऊ चौकोन ताडून पाहण्याची कसरत विद्यार्थ्यांना अंदाजानं करावी लागणार नाही.