पावती मराठीत, पावती कन्नडमध्ये: सोनारक्यूबचे आठ महिने

बेळगावात टिळकवाडीत आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. आम्ही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करतो, जावामध्ये. गिऱ्हाइकं निपाणी, चिकोडी, खानापूर, बैलहोंगलची. काउंटरवर एक सभासद मराठी पावती मागतो, मागचा कन्नड, त्यामुळे पावतीचं काम आमच्याकडं दुहेरी.

आठ महिन्यांपूर्वी सोनारक्यूबची, म्हणजे कोड वाचून त्यातले दोष दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची, फुकट आवृत्ती बसवली. बसवायला एक दिवस लागला. आत इलॅस्टिकसर्च हे शोधाचं इंजिन असतं, त्यासाठी लिनक्सची मेमरी मॅपची मर्यादा आधी वाढवून घ्या. सोबत येणारा एचटू डेटाबेस फक्त चाचणीपुरता आहे, पहिल्याच दिवशी पोस्टग्रेस हा खरा डेटाबेस जोडा.

पहिल्या स्कॅनला दोन हजारांवर इशू, म्हणजे कोडमधले दोष, निघाले. बैलहोंगलचा आमचा पोरगा म्हणाला, "अक्का, हे संपवायचं कधी?" पण सोनारचा मूळचा क्वालिटी गेट, म्हणजे कोड पास की नापास ठरवणाऱ्या अटी, जुन्या कोडवर अडत नाही. नव्या कोडमध्ये नवा इशू नको, ८० टक्के टेस्ट कव्हरेज (चाचण्यांनी चालवून बघितलेला कोड) हवं, नक्कल (दोन जागी तोच कोड) ३ टक्क्यांच्या वर नको. जुनं हात लागेल तसं सुधारायचं. छोट्या टीमला हे झेपतं. कव्हरेज मात्र सोनार स्वतः मोजत नाही, ते मोजणाऱ्या जाकोको या टूलचा रिपोर्ट त्याला द्यावा लागतो.

मला खरी किंमत कळली ती नकलेच्या यादीत. मराठी पावती आणि कन्नड पावती या कोडच्या दोन फायली सोनारनं शेजारी आणून ठेवल्या. जावात नक्कल शोधताना तो अवतरणातला मजकूर धरत नाही, सलग दहा विधानं जुळली की पकडतो. भाषा वेगळी, हिशेब तोच, म्हणून सापडलं. उघडून बघितलं तर व्याजाचा आकडा जवळच्या पैशाला आणायचा हिशेब आम्ही मराठीत दुरुस्त केला होता, कन्नडमध्ये राहूनच गेला होता. तिथं बिगडेसिमलला (जावातला अचूक दशांश आकडा) थेट डबल (अंदाजे साठवलेला आकडा) दिला होता, आणि त्यावरही सोनारची वेगळी खूण होतीच. असा ०.१ दिला की आत ०.१०००००००००००००००५५ असं काहीतरी बसतं, आणि अर्ध्या पैशाच्या काठावर आकडा इकडचा तिकडे होतो. दोन शेजाऱ्यांची ठेव तेवढीच, पावतीवर एका पैशाचा फरक. पतसंस्थेत लोक पैसा मोजून घेतात, आणि इथं तर फरक भाषेवरून पडत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता हिशेब एकाच जागी आहे, दोन्ही पावत्या तिथूनच आकडा घेतात.

फुकट आवृत्तीत मुख्य ब्रँचचंच, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीचंच, विश्लेषण होतं, पुल रिक्वेस्टवर (मुख्य प्रतीत मिसळायच्या आधीच्या बदलावर) शेरे हवे असतील तर पैसे मोजावे लागतात. म्हणून आम्ही जेनकिन्समध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप बांधणाऱ्या टूलमध्ये, गेटच्या निकालाची वाट बघणारी पायरी घातलीय. त्यासाठी सोनारमध्ये वेबहुक (निकाल जेनकिन्सला आपोआप कळवणारा पत्ता) लावा आणि त्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ द्यायला विसरू नका.

गेल्या महिन्यात शुक्रवारी गेट लाल झाला, म्हणजे कोड नापास. निपाणीच्या मॅनेजर साहेबांना फोन करून सांगितलं, अपडेट सोमवारी देते. "सावकाश द्या," म्हणाले, "पण बरोबर द्या."