एक्के आले तर: दबा धरायचा की सरळ पैसे लावायचे?

पोकरमध्ये (टेक्सास होल्डेम: हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच) कच्च्या खेळाडूंच्या टेबलावर भारी पत्ते आले की दोन वाटा. चेक-चेक करत, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे ढकलत, गप्प बसायचं, नाहीतर पहिल्यापासून पैसे लावत सुटायचं. मी दोन्ही करून पाहिलंय, पहिलं जरा जास्तच वर्षं.

दबा धरण्यात मजा आहे, नाही म्हणत नाही. समोर दर डावात ब्लफ मारणारा, म्हणजे पत्ते नसतानाही पैसे लावणारा, हात शिवशिवणारा गडी असेल तर त्याला ढील द्यावीच. फ्लॉपवरच (टेबलावर एकदम उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांवर) फुल हाउस (एका आकड्याचे तीन, दुसऱ्याचे दोन पत्ते) लागलं असेल तर एखादा पत्ता फुकट दाखवला म्हणून बिघडत नाही. पण घरगुती अड्ड्यावरचा कच्चा खेळाडू ब्लफ मारतच नाही. तो फक्त कॉल करतो, म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच देतो. आपण चेक केलं की तोही आनंदाने चेक.

मागच्या दिवाळीतला डाव. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे पैसे) ५-१०, चौघं आत, पॉट (मधे जमलेले पैसे) ४० रुपये. माझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी, फ्लॉपला इस्पिक राजा, चौकट अठ्ठी, किल्वर तिर्री. हातातल्या जोडीला फ्लॉपवर तिसरा पत्ता साधारण ८-९ वेळांत एकदा मिळतो, म्हणून मी साधूसारखा बसलो. चेक. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, दुर्री, चेक. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, गुलाम, आता तरी कोणी लावेल म्हणून पुन्हा चेक. कोणी लावलं नाही. तीन अठ्ठ्यांवर डाव माझाच, पण पॉट तेवढाच ४० चा. मित्राच्या मेहुण्याने राजा-नव्वी उघडली आणि म्हणाला, “अरे, लावायचे होतेस की! मी दिले असते.”

दर वेळी अर्धा पॉट लावला असता, म्हणजे २०, ४०, ८०, आणि त्या एकट्यानेच कॉल केलं असतं, तरी पॉट ३२० चा झाला असता. हरल्याचं मला एवढं लागत नाही. ते “मी दिले असते” मात्र अजून डोक्यात आहे.

एक्क्यांच्या जोडीचं तर आणखी वेगळं. एका कुठल्याही हातासमोर ते सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. पाच जण आत आले की निम्म्यावर येतात. पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोत तीन ब्लाइंडचं रेज (मोठ्या ब्लाइंडच्या तिपटीपर्यंत पैसे वाढवणं) कोणी मनावर घेत नाही, सगळे आत. म्हणून मी तिथे पाच-सहा ब्लाइंड करतो. तरी एखाद-दोघं येतातच. फ्लॉपवर दोन बदाम दिसले तर फ्लशवाल्याला (हातात दोन बदाम घेऊन पाच बदाम जमवू पाहणाऱ्याला) पुढचाच बदाम मिळायची शक्यता पाचात एक. तो पत्ता फुकट का द्यायचा?

सरळ खेळून कधी सगळेच पत्ते टाकून डाव सोडतात, एक्क्यांवर नुसते ब्लाइंड हाती येतात आणि जीव जळतो, हे खरं. तुमच्या टेबलावर कदाचित वेगळा अनुभव येईल. मी मात्र आता लावतोच.

अपवाद एक. एरवी मुकाट कॉल करणारे काका टर्नला चष्मा सारखा करून अचानक रेज करतात, तेव्हा मी एक्केसुद्धा खाली ठेवतो. एकदा ठेवले नव्हते. काकांकडे दुर्री-तिर्रीच्या दोन जोड्या निघाल्या.