नुसती फाईलची यादी दाखवून १,३३,४०० रुपये उकळले

भोसरीतल्या एका कारखान्यात मी सर्व्हर सांभाळतो. एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणाऱ्या ईएसएक्सआयच्या डेटास्टोअरवर, म्हणजे त्यांच्या साठवणीत, जागा संपत आली होती, म्हणून जुनी व्हीएम काढायला गेलो आणि ईआरपीचं, म्हणजे कंपनीच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरचं, फोल्डर उडालं. बॅकअप होता, पण ४७ दिवसांपूर्वीचा. नव्या बॅकअप डिस्कसाठी मी तीन मेल केले होते, एकही मंजूर झाला नाही. बोलणी मात्र मीच खाल्ली.

स्टोरेजच्या सहाही डिस्क घेऊन एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलो. 'डेटा नाही तर पैसे नाहीत' असं दारावरच लिहिलेलं. तपासणीचे ५,९०० घेतले. तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर यादी दाखवली: ईआरपीची फ्लॅट व्हीएमडीके (व्हीएमची अख्खी डिस्क असलेली फाईल), ३२२१२२५४७२०० बाइट, म्हणजे बरोब्बर ३०० जीबी, पुढे हिरवी खूण. मी तिथूनच साहेबांना फोन लावला, "सापडलं." लगेच ९०,००० भरले.

तिथेच कळायला हवं होतं! नाव आणि आकार फाईल सिस्टिमच्या नोंदीत असतात. आत काही उरलंय का, हे त्यावरून कळत नाही. व्हीएमएफएस (ईएसएक्सआयची फाईल सिस्टिम) ५ की ६, लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेला डिस्कचा भाग) थिन, म्हणजे लागेल तशी जागा घेणारा, आहे का, अनमॅप (मोकळी जागा स्टोरेजला परत करणं) चालू होतं का, यातलं एक अक्षर त्या माणसाने विचारलं नाही. आमचा लन थिन, आणि व्हीएमएफएस ६ मोकळे झालेले ब्लॉक आपणहून स्टोरेजला परत करतं, म्हणजे त्यातला डेटा जातो. होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारा सर्व्हर, रात्रभर चालूच राहिला, कारण डिस्पॅचची व्हीएम त्याच्यावरच होती आणि ती बंद करायला कोणी परवानगी देईना. तुमच्याकडे असं झालं तर परवानगीची वाट बघू नका, होस्ट बंद करा.

उरलेले ३७,५०० दिल्याशिवाय ड्राइव्ह देईनात. तेही दिले. व्हीएम चालू केली, 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड'. फाईल हेक्समध्ये, म्हणजे कच्चे बाइट दिसतील अशी, उघडली. पहिल्या सेक्टरच्या शेवटी ५५ एए ही बूट डिस्कची खूण दिसायला हवी होती, तिथे ०० ००. खाली स्क्रोल करत गेलो, सगळी शून्यं. पावतीच्या मागे बारीक अक्षरात: 'फाईल यादी दाखवल्यावर काम पूर्ण समजले जाईल.' पैसे देण्याआधी डेटाबेसमधलं एखादं टेबल समोर उघडून मागा. डिस्कचे सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या.

चौकीत म्हणाले, हे सिव्हिल मॅटर, ग्राहक आयोगात जा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळलं, कंपनीने धंद्यासाठी घेतलेली सेवा, तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही. परत चौकीत. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ छापून नेलं होतं, तो कागद हवालदाराने वाचलाही नाही. "डेटा तुम्हीच डिलीट केला ना?" केला, माझ्याच हातून झाला, पण शून्यं भरलेली फाईल १,३३,४०० ला मी नाही विकली! तीन फेऱ्या, तीन अर्धे दिवस, हातात साधी पोचही नाही.

आता तक्रार स्पीड पोस्टाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे पाठवली आहे. अकाउंट्सच्या दोघी अजून चलनं समोर ठेवून ४७ दिवसांच्या एंट्र्या हाताने भरताहेत.