रत्नागिरीतली डबल्सची बॅच: पाचातले चार स्टार

टेनिस खेळता येतं पण डबल्स कळत नाही अशा लोकांसाठी ही बॅच आहे, हे आधीच सांगतो. फोरहँड-बॅकहँड शिकायला जाणार असाल तर पैसे वाया, सर ग्रिपबद्दल एक अक्षर काढत नाहीत.

इथे शिकवतात समोरच्या दोघांना ओळखायला, आणि ते वॉर्म-अपपासूनच सुरू होतं. ती पाच मिनिटं आपण सगळे अंग मोकळं करण्यात घालवतो, सर मागून ओरडतात "नुसता मारतोस काय रे, बघ ना!" म्हणजे बॅकहँड व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारायचा फटका) कोण टाळतोय, डोक्यावरून बॉल गेला की कोण स्वतः न धावता पार्टनरकडे बघतो, असलं सगळं. मग पहिल्या दोन-तीन गेममध्ये तेच तपासायचं आणि साइड बदलताना पार्टनरशी एकच गोष्ट ठरवायची, दहा नाही.

नेटवरचा माणूस सारखा मध्ये घुसून रिटर्न कापत असेल तर लवकरच एकदा त्याच्या बाजूने सरळ लाइनवर हाणायचा, पॉइंट गेला तरी चालेल, कारण नंतर तो जागा सोडायला कचरतो. दोघंही पुढे आले की मधून मारा, तिथे नेट ३ फूट असतं, खांबाशी साडेतीन, आणि कोणी घ्यायचा यात दोघांचा गोंधळ होतो तो वेगळाच. समोर एक डावरा असेल आणि तो अ‍ॅड कोर्टवर (म्हणजे त्याच्या डाव्या अर्ध्यात) रिटर्नला असेल तर दोघांचे बॅकहँड मधे येतात, आणि सेट संपेपर्यंत त्यांना रिटर्नची बाजू बदलता येत नाही, मग काय, मधेच मारत बसायचं! आपल्या सर्व्हवर मात्र उभं राहायची पद्धत दर पॉइंटला बदलता येते, आय फॉर्मेशन (सर्व्ह करणारा आणि नेटवरचा पार्टनर मधल्या रेषेजवळ एकामागे एक) इथेच पहिल्यांदा नीट समजली.

आणि वारा. आपलं कोर्ट उत्तर-दक्षिण, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो तो आडवा, त्यामुळे लॉब (समोरच्याच्या डोक्यावरून उंच उडवलेला बॉल) पूर्वेकडे वाहत जातो. बाहेरगावची जोडी आली की पहिला सेट त्यातच जातो त्यांचा, आपण पश्चिमेची बाजू धरून लॉब टाकायचा हे सर दोरी लावून करून घेतात.

बॅचमध्ये काका मंडळी भरपूर. २०२४ ला आपल्या रोहन बोपण्णाने ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकल्यापासून सगळ्यांना वाटतं अजून आपली वेळ आहे, गुडघ्यांना कोणी विचारलेलं नाही.

एक स्टार कापला तो बॉलसाठी. इथल्या दमट हवेत ते तसेही जड होतात, त्यात टक्कल पडलेले बॉल आठवडेच्या आठवडे चालवतात, मग लॉबचा अंदाज शिकायचा कसा? फी पुण्याच्या मानाने कमी आहे, थोडी वाढवा पण डबे नवे आणा. पावसाळ्यात बॅच बंद असते, ऑक्टोबरसाठी आताच नाव देऊन ठेवा, आणि शक्यतो पार्टनर घेऊनच या, एकट्याला सर कोणाही काकांबरोबर जोडून देतात.