चेस की सूएल? पहिल्या राऊंडला झेलणारा घ्यावा की अडवणारा

एप्रिल आला की एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणाऱ्या प्रत्येक घोळक्यात तोच वाद सुरू होतो, आपल्या टीमने ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजची पोरं निवडायच्या, पहिल्या राऊंडला कुठल्या जागेसाठी माणूस घ्यावा. आणि दरवेळी कोणीतरी २०२१ चे बेंगल्स (सिनसिनाटीची टीम) काढतोच. गंमत अशी की रिसीव्हर (पळत जाऊन पास झेलणारा) घ्या म्हणणारा पण तेच उदाहरण देतो आणि लाइनमन (पास टाकणाऱ्यापुढे उभा राहून समोरच्यांना अडवणारा) घ्या म्हणणारा पण तेच. म्हणून म्हटलं एकदा नीट समोरासमोर ठेवूनच बघू.

ज्यांनी हे नव्यानेच बघायला घेतलंय त्यांच्यासाठी एवढंच, की इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो, पाळी असते. गेल्या सीझनला जो सगळ्यात खाली त्याची पाळी पहिली. आणि २०११ पासून रूकीचा (नव्या पोराचा) पगार तो कितव्या नंबरवर निवडला गेला त्यावर जवळपास ठरूनच असतो, म्हणजे पाचव्या नंबरला रिसीव्हर घ्या, टॅकल (लाइनच्या टोकाचा लाइनमन) घ्या नाहीतर रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) घ्या, खर्च जवळपास तेवढाच. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागणार आहे.

तर २०२० मध्ये सिनसिनाटीने पहिल्याच नंबरला क्वार्टरबॅक (पास टाकणारा) जो बरो घेतला, दहा मॅचमध्ये त्याच्यावर ३२ सॅक झाले (म्हणजे पास टाकायच्या आतच त्याला पाडलं) आणि नोव्हेंबरात वॉशिंग्टनविरुद्ध त्याचा डावा गुडघा गेला. टीम ४ जिंकली, ११ हरली, १ बरोबरी. पुढच्या ड्राफ्टला पाळी पाचवी आणि समोर दोन पोरं: ऑरेगन युनिव्हर्सिटीचा टॅकल पेनेई सूएल, आणि एलएसयूचा (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) रिसीव्हर जामार चेस, जो कॉलेजात बरोचाच जोडीदार, २०१९ ला १,७८० यार्ड आणि २० टचडाउन (समोरच्या टोकाला बॉल पोचवणं). दोघेही २०२० चा कॉलेज सीझन खेळलेच नव्हते, म्हणजे वर्षभर जुने व्हिडिओ बघूनच काय ते ठरवायचं.

मी तेव्हा कट्टर सूएलवाला होतो, आधीच सांगून टाकतो. साधा हिशोब होता, घराचं छप्पर गळतंय आणि तुम्ही नवा टीव्ही आणताय? बेंगल्सने चेस घेतला तेव्हा मी म्हटलं हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोनच पिक (निवडी) नंतर सूएल डेट्रॉइटला गेला. वर चेसने प्रीसीझनमध्ये सोप्पे सोप्पे बॉल सोडले, आणि कारण काय दिलं तर कॉलेजच्या बॉलला पांढरे पट्टे असतात, इथल्या बॉलला नाहीत. आमच्या ऑफिसात तर हसून हसून पोट दुखलं.

मग सीझन सुरू झाला आणि आमची तोंडं बंद. १,४५५ यार्ड, १३ टचडाउन, चीफ्सविरुद्ध एका मॅचमध्ये २६६ यार्ड, टीम थेट सुपर बोलमध्ये (लीगची फायनल). पण दुसरी बाजूही बघा ना, त्याच सीझनला बरोवर ५१ सॅक झाले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. टायटन्सविरुद्ध प्लेऑफमध्ये एकाच मॅचला ९, तरी जिंकले कसेबसे १९-१६. सुपर बोलमध्ये परत ७, आणि रॅम्सकडून २३-२० ने हरले. त्या मॅचचा शेवटचा डाव तर या अख्ख्या वादाचा फोटोच आहे: चौथा डाऊन (शेवटचा प्रयत्न), एक यार्ड हवा, तिकडे चेस मोकळा सुटलाय आणि इकडे ॲरन डोनाल्डने बरोला धरून गरागरा फिरवलंय, बॉल कसाबसा हातातून सुटला आणि मॅच खलास. सूएलवाले म्हणतात बघा, वेळच मिळाला नाही. चेसवाले म्हणतात चेस नसता तर तिथवर पोचले असते का. दोघंही खरंच बोलतायत. फक्त एक गोष्ट सूएलवाले सांगत नाहीत (मीपण बरीच वर्षं सांगत नव्हतो), की डोनाल्ड आत घुसला तो गार्डला (टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन) मागे टाकून, टॅकलला नाही. सूएल असता तरी तो डाव तसाच गेला असता बहुतेक.

आता पैशांकडून बघू. पहिलं काँट्रॅक्ट ठरलेलं स्वस्त असतं, पुढे बाजारभाव. सूएलला २०२४ मध्ये ४ वर्षांचे ११२ मिलियन डॉलर मिळाले, चेसला २०२५ मध्ये ४ वर्षांचे १६१. म्हणजे जो माणूस पुढे जास्त महाग होणार तो ड्राफ्टमधून स्वस्तात मिळाला, या हिशोबाने चेस घेणं जास्त फायद्याचं. पटतं. पण दुकानात जाऊन टॅकल विकत आणायचा म्हटलं तर माल असतो का? चांगला टॅकल कोणी सहसा सोडतच नाही. बेंगल्सने २०२२ ला लाइनसाठी तीन जण बाहेरून आणले, कापा, कॅरस आणि कॉलिन्स, आणि जानेवारीत ऐन प्लेऑफला कॉलिन्स, कापा आणि घरचा जोना विल्यम्स तिघंही जखमी होऊन बाहेर, आणि चीफ्सकडून परत तसंच २३-२० ने हरले. मग २०२३ ला ऑर्लँडो ब्राउनला ४ वर्षांचे ६४ मिलियन. म्हणजे तेव्हा वाचवलेला पैसा शेवटी लाइनवरच गेला, हप्त्याहप्त्याने.

पण मला विचाराल तर सगळे नुसता पहिला राऊंड घेऊन भांडतात तिथेच गडबड आहे. एकट्या पिकला काही अर्थ नसतो, पुढच्या दोनतीन राऊंडसोबत जोडी लावून बघायचं. डेट्रॉइट लायन्सने पहिल्याला सूएल घेतला आणि चौथ्या राऊंडला, ११२ व्या नंबरला, आमॉन-रा सेंट ब्राउन नावाचा रिसीव्हर उचलला, आणि २०२४ मध्ये त्यालाही १२० मिलियनचं एक्स्टेन्शन द्यावं लागलं, एवढा भारी निघाला! बेंगल्सने पहिल्याला चेस घेतला, दुसऱ्याला ३८ वरून ४६ वर खाली सरकले आणि लाइनसाठी जॅक्सन कार्मन घेतला, ज्याची जागा कधी पक्कीच झाली नाही. तोच क्रीड हम्फ्री, पुढे ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्तमांत निवडलेला) सेंटर, म्हणजे लाइनच्या मधला, झाला तो, ६३ व्या नंबरपर्यंत शिल्लक होता आणि चीफ्सने नेला. म्हणजे चेस घेणं चूक नव्हतं, त्याच्यानंतरची निवड चुकली. मी पाच वर्षं चुकीच्या पिकवर चिडत होतो असं म्हणा हवं तर.

बाकी जागांचं थोडक्यात. क्वार्टरबॅक नसेल तर बाकी चर्चा फिजूल, पण नाही म्हणून कोणालाही उचलायचं असंही नाही. २०२१ लाच पहिल्या राऊंडला पाच क्वार्टरबॅक गेले आणि २०२४ चा सीझन सुरू होईपर्यंत ट्रेव्हर लॉरेन्स सोडून चौघं आपापल्या टीममधून बाहेर होते. रनिंग बॅक वरच्या पिकला घेणं मला अजून पटत नाही. जायंट्सने २०१८ ला सेक्वॉन बार्कलीला दुसऱ्या नंबरला घेतला, पोरगा अस्सल हिरा, पण लाइन दळभद्री, आणि २०२४ मध्ये ईगल्सच्या लाइनमागे तोच २,००५ यार्ड पळाला आणि सुपर बोल जिंकला. माणूस तोच होता बरं का.

तर तुमच्या टीमचा पिक पहिल्या दहात असेल आणि चेस-सूएलसारखाच पेच असेल तर मी असं बघीन. आधी त्या वर्षी कुठल्या जागेला पोरं भरपूर आहेत ते पाहा, जिथे भरपूर तिथे थांबा, दुसऱ्या-तिसऱ्याला मिळतील. रिसीव्हर साधारण जवळपास दरवर्षी खाली मिळतात, बेंगल्सना स्वतःला टी हिगिन्स २०२० मध्ये ३३ व्या नंबरला मिळालाच होता. टॅकल खाली मिळणं म्हणजे लॉटरी, ईगल्सना जॉर्डन मायलाटा सातव्या राऊंडला लागली तशी, पण लॉटरीवर घर चालत नाही. म्हणून दोघं सारखेच वाटत असतील तर मी आजही टॅकलच घेईन. पण रिसीव्हर जर चेसच्या तोडीचा असेल, म्हणजे समोरच्याला त्याच्यावर दोन दोन माणसं लावावी लागतील असा, तर डोळे मिटून तो घ्या, फक्त दुसऱ्या राऊंडला खाली सरकायची हुशारी करू नका, तिथे थांबून लाइनमन घ्या.

आणि तुमचा क्वार्टरबॅक जर बॉल हातात धरून खूप वेळ रेंगाळणारा असेल तर चेसच्या तोडीचा रिसीव्हर समोर असला तरी सोडा, त्याला टॅकलच द्या.